सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

"भाऊ, सेल्फ तर मारून राहिलो, पण गाडी चालूच नाही होऊन राहिली." यावर आजूबाजूचे लोक देतात ते सल्ले ठरलेले असतात. अजून मार. अॅक्सिलेटर दाबून मार. बॅटरी गेली असेल. प्लग बदलून टाक. चल, धक्का मारू. मग अर्ध्या तासात बरी असलेली बॅटरी बसते, प्लग पेट्रोलनं ओले होतात आणि मूळ दोष जिथल्या तिथं राहतो.

सेल्फ नेहमीच्या वेगानं फिरत असेल तर धक्का मारून काहीही साधत नाही. धक्का इंजिन फिरवतो आणि ते काम सेल्फ करतोच आहे. प्लग बदलण्याची घाईही नको. तीन-चार सिलिंडरच्या गाडीत सगळे प्लग किंवा सगळे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) एकाच रात्री मरत नाहीत. एक प्लग गेला तर गाडी थरथरत का होईना, पण सुरू होते. काल संध्याकाळी नागपूरच्या धरमपेठेतून नीट आलेली गाडी आज सकाळी अजिबात घेत नसेल, तर तुटलेली गोष्ट सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेली आहे: पेट्रोल पंप, मेन रिले (ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वीज देणारा स्विच), इमोबिलायझर (किल्लीची चिप ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा), टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ). खालचा क्रम याच हिशेबानं लावला आहे. आधी सामाईक आणि फुकटात तपासता येणाऱ्या गोष्टी येतात, सुटे भाग शेवटी.

लेख मुख्यतः इंजेक्शनच्या पेट्रोल कारसाठी आहे. डिझेल, सीएनजी आणि दुचाकीचं वेगळं गणित शेवटी दिलं आहे.

## सेल्फ मारायचाच नाही अशा चार वेळा

गाडी पाण्यात उभी होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउटसारख्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीची किल्ली ऑनसुद्धा करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. "इंजिन प्रोटेक्ट" ही जोड घेतलेली नसेल तर साधी विमा पॉलिसी हा खर्च सहसा देत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडी उचलून न्या.

नुकतंच इंधन भरलं आणि थोड्या अंतरावर गाडी बंद पडली. पावती पाहा. पेट्रोल गाडीत डिझेल किंवा डिझेल गाडीत पेट्रोल गेलं असेल तर किल्ली ऑन केली तरी पंप ते पुढे ढकलतो. टाकी रिकामी करणं हाच मार्ग.

बॉनेटखाली पेट्रोलचा उग्र वास येतोय. गळती सापडेपर्यंत एकही ठिणगी नको.

सेल्फचा आवाज अचानक हलका झालाय. नेहमीचा चढ-उतार नाही, इंजिन शिवणयंत्रासारखं सरसर फिरतंय. टायमिंग बेल्ट किंवा चेन गेल्याची ही खूण असते. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि प्रत्येक नव्या सेल्फबरोबर खर्च वाढतो. लगेच थांबा.

## तयारी

गाडी सावलीत, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून. ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. समृद्धी महामार्गावर किंवा जबलपूर हायवेवर गाडी बंद पडली असेल तर हे प्रयोग तिथं करू नका. धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं करा आणि क्रेन बोलवा.

हाताशी असावं: डिजिटल मल्टिमीटर, १०, १५ आणि २० अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, टॉर्च, १० नंबरचा पाना, प्लग पाना, स्पार्क टेस्टर आणि गाडीची दुसरी किल्ली. ही दुसरी किल्ली बहुतेकांच्या घरी कपाटात असते आणि तिची आठवण सगळ्यात शेवटी येते. गाडीचे दोषकोड वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर असेल तर फारच उत्तम. सेल्फ मारायला एक माणूस आणि ऐकायला-पाहायला दुसरा लागतो. एकट्यानं केलं की निम्म्या खुणा हुकतात.

> सेल्फचा नियम: एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, त्यानंतर किमान अर्धा मिनिट विश्रांती. या लेखातल्या बहुतेक तपासण्यांना तीन-चार सेकंद पुरतात. काय पाहायचं हे ठरवल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

## टप्पा १: किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका

बहुतेक लोक किल्ली एका दमात शेवटपर्यंत फिरवतात आणि सगळ्यात उपयोगाची पाच सेकंदं गमावतात. किल्ली फक्त ऑनवर आणा. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबा. एसी, रेडिओ, पंखा बंद. आता तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? इंजिन बंद असताना किल्ली ऑनवर तो लागलाच पाहिजे. लोकांना तो पेटलेला दिसला की भीती वाटते, पण इथं न पेटणं वाईट. तो लागत नसेल तर बहुधा ईसीयूला वीजच मिळत नाहीये. सरळ टप्पा ३ मधल्या फ्यूज आणि मेन रिलेकडे जा.

किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का? म्हणजे गाडीनं किल्ली ओळखली नाही. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फच लागत नाही, तर काहींत सेल्फ छान फिरतो पण पेट्रोल आणि करंट (प्लगची ठिणगी) तोडलेला असतो. किल्लीच्या जुडग्यातून दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली आणि धातूची जड कीचेन काढा, पुन्हा प्रयत्न करा. मग दुसरी किल्ली वापरून पाहा. दुसरीनं सुरू झाली तर तपासणी इथंच संपली.

मागच्या सीटखालून "घूंऽऽ" असा दोन-तीन सेकंदांचा आवाज येतो का? तो पेट्रोल पंप. घरासमोरून बस जात असेल तर थांबा आणि पुन्हा ऐका. मागचं दार उघडून सीटजवळ कान न्यावा लागतो. काही गाड्यांत पंप दार उघडतानाच चालून घेतो, म्हणून नेहमी तुमची गाडी केव्हा आवाज करते हे ती चांगली असतानाच ऐकून ठेवा.

## टप्पा २: सेल्फ फिरतानाची बॅटरी

"सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी चांगली" हे अर्धंच खरं. सेल्फ मोठा करंट ओढतो आणि तेवढ्यात व्होल्टेज इतकं पडू शकतं, की इंजिन फिरतं पण ईसीयू मान टाकतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. हा आकडा फार मनावर घेऊ नका. खरा आकडा सेल्फ फिरत असतानाचा. सहायकाला तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर पुढची कोणतीही तपासणी विश्वासाची नाही. आधी बॅटरी चार्ज करा किंवा जंप द्या.

नवी बॅटरी आणण्याआधी टर्मिनल पाहा. पांढरा-हिरवा थर असेल तर तार काढून गरम पाण्यानं धुवा, घासा, घट्ट बसवा. नागपूरचा उन्हाळा बॅटरीला थंडीपेक्षा जास्त मारतो, उष्णतेनं आतलं पाणी उडतं आणि पट्ट्या गंजतात. म्हणून मे-जूनमध्ये हा टप्पा गाळू नका.

> जंप देताना: लाल तार तुमच्या पॉझिटिव्हला, मग मदतीच्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी मदतीच्या गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

## टप्पा ३: पेट्रोल पोचतंय का?

इथं थोडं रेंगाळा, कारण या दोषांपैकी बरेच तुम्ही स्वतः दूर करू शकता.

अ. टाकीत खरंच पेट्रोल आहे? काटा अडकतो. उतारावर उभी गाडी रिझर्व्हमध्ये असेल तर पंपाचं तोंड कोरडं पडतं. दोन-तीन लिटर टाकून पाहण्यात कमीपणा नाही.

आ. फ्यूज. फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आत नकाशा असतो. पंप, ईसीयू, इग्निशन आणि इंजेक्शनचे फ्यूज एकेक करून काढा, प्रकाशासमोर धरा, शंका असेल तर मल्टिमीटरनं तपासा. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा बसवा. नवाही लगेच उडाला तर मोठा फ्यूज घालायचा मोह टाळा. कुठंतरी तार घासून उघडी पडली आहे आणि तिथंच आग लागते. फॉइलचा तुकडा घालणारा मिस्त्री दिसला तर किल्ली परत मागा.

इ. रिले. त्याच पेटीत हॉर्नचा रिले अनेकदा पंपाच्या रिलेसारखाच असतो. अंगावरचा नंबर तंतोतंत जुळत असेल तर अदलाबदल करा. आता पंप बोलला आणि हॉर्न मुका झाला, तर दोषी सापडला.

ई. कट-ऑफ. फोर्ड आणि फियाटच्या काही गाड्यांत धक्का बसला की पेट्रोल तोडणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आदळली किंवा मागून कुणी ठोकलं, आणि त्यानंतर सुरू होत नाही? मॅन्युअलमध्ये जागा पाहून तो दाबा, पण आधी गळती नाही ना हे बघा.

सेकंडहँड गाडीत आणखी एक गोष्ट असते. आधीच्या मालकानं चोरीच्या भीतीनं डॅशबोर्डखाली बसवलेलं चोरबटण पायानं बंद होतं. टॅक्सी किंवा भाड्याच्या ताफ्यातून आलेल्या गाडीत जीपीएसच्या डब्याला जोडलेला पंप कट करणारा रिले असतो. तो रिले सडला, की पंप, फ्यूज, ईसीयू सगळं ठणठणीत असून गाडी मेलेली. डॅशबोर्डखाली काळ्या टेपनं गुंडाळलेली, कंपनीची न वाटणारी जोडतार दिसते का, टॉर्च मारून पाहा.

उ. उंदीर. पार्किंगमधली गाडी दोन-चार दिवस उभी असेल तर इंजेक्टर आणि सेन्सरच्या तारा नजरेनं तपासा. लेंड्या, कुरतडलेला फोम, कपड्याच्या चिंध्या दिसल्या की समजा.

पंपाला वीज जाते पण तो गप्प असेल, तर सहायक सेल्फ मारत असताना टाकीच्या बुडाला रबरी हातोड्यानं हलके ठोके द्या. झिजलेला पंप कधीकधी जागा होतो. हा इलाज घरापर्यंतचा, नवा पंप लागणारच. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंपाला थंड ठेवण्याचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं.

> हे करू नका: एअर फिल्टर काढून बाटलीतून पेट्रोल ओतणं. इंजिननं उलटा भडका दिला की बाटली हातात असते.

## टप्पा ४: स्कॅनर किंवा आरपीएमचा काटा

ओबीडीचा सॉकेट स्टिअरिंगखाली असतो. कोड आधी लिहून घ्या किंवा फोटो काढा, पुसू नका. इथं कामाचे कोड थोडेच आहेत:

- पी ०३३५: क्रँक सेन्सर
- पी ०३४०: कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची जागा सांगणारा)
- पी ००१६: क्रँक आणि कॅमचा मेळ नाही, म्हणजे टायमिंग सरकल्याची शक्यता
- पी ०२३०: पेट्रोल पंपाचं सर्किट
- पी ००८७: रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीत) दाब कमी

पी ०३३५ आला म्हणून सेन्सर विकत आणायला पळू नका. कोड सर्किटचा आहे. तुटलेली तार आणि सैल कनेक्टरही हाच कोड देतात.

कोड नसेल तरी थेट आकडे पाहा. सेल्फ फिरताना आरपीएम १५० ते ३०० च्या दरम्यान दिसला पाहिजे. तो शून्यच राहत असेल तर इंजिन फिरतंय हेच ईसीयूला कळत नाहीये, आणि त्यामुळे तो ना करंट देतो ना पेट्रोल. स्कॅनर नसेल तर डॅशवरचा काटा पाहा. सेल्फवर तो जरासा हलतो का, हे पाहण्यासारखं आहे, पण सगळ्या गाड्यांत हलतोच असं नाही.

दुसरा आकडा कूलंट तापमानाचा. रात्रभर उभ्या गाडीत तो बाहेरच्या हवेइतका हवा. मे महिन्यातल्या नागपुरात स्कॅनर उणे ४० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची तार तुटली आहे. ईसीयूला कडाक्याची थंडी वाटते आणि तो इंजिनला पेट्रोलनं न्हाऊ घालतो.

## टप्पा ५: करंट

पंप बोलतो, आरपीएम दिसतो, तरी घेत नाही. आता करंट पाहा.

1. पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे तपासताना सिलिंडरमध्ये फारसं पेट्रोल जाणार नाही.
2. एका प्लगवरची कॉइल (प्लगला मोठं व्होल्टेज देणारा भाग) किंवा वायर काढा आणि स्पार्क टेस्टर जोडा. टेस्टरचा चिमटा इंजिनच्या धातूला.
3. तीन सेकंद सेल्फ. निळसर, टकटक आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, मरगळलेली ठिणगी कमजोर.
4. निदान दोन सिलिंडर तपासा.

एकाच सिलिंडरला करंट नसेल तर ती कॉइल खराब आहे, पण गाडी बंद असण्याचं कारण ती नव्हे. पुढे शोधा. एकालाही करंट नसेल तर पुन्हा सामाईक गोष्टींकडे या: क्रँक सेन्सर, इग्निशनचा फ्यूज, मेन रिले, इमोबिलायझर. जुन्या, एकाच कॉइलच्या गाडीत कॉइलही सामाईक.

> सावध: प्लग किंवा कॉइल हातात धरून ठिणगी पाहणं ही गॅरेजमधली जुनी सवय आहे. व्होल्टेज हजारोंमध्ये असतं. पेसमेकर असलेल्या माणसानं ही तपासणी करूच नये. वायर हवेत लटकती ठेवून सेल्फ मारला तर कॉइल आणि ईसीयूही जाऊ शकतात.

## टप्पा ६: पेट्रोल चढलंय का?

गॅरेजची सकाळ बरीचशी यातच जाते. गाडी सुरू करून दोन फूट मागे घेतली, लगेच बंद केली, आणि आता घेत नाही. सायलेन्सरला पेट्रोलचा वास, प्लग काळे आणि ओले.

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत उपाय पेडलमध्येच आहे. सेल्फ मारायच्या आधी अॅक्सिलेटर पूर्ण तळाशी दाबून धरा आणि मग सात-आठ सेकंद सेल्फ मारा. पूर्ण दाबलेलं पेडल दिसलं की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि आतलं पेट्रोल हवेनं निघून जातं. इंजिननं घेतलं की पाय लगेच सोडा. पेडल पंप केल्यानं यातलं काहीही होत नाही, ती कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे.

तरीही नाही, तर प्लग काढून सुकवा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं नाही ना आणि सायलेन्सरच्या तोंडात चिखल नाही ना, तेही एकदा पाहून घ्या. हे क्वचितच निघतं, पण पाहायला मिनिटही लागत नाही. पेट्रोल, करंट, हवा सगळं आहे आणि तरी इंजिन एकही ठसका देत नाही, तर उरतो सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) आणि टायमिंग. ते घरी तपासायचं काम नाही.

## नवतप्यातली (मे अखेरच्या कडक उन्हातली) खास तक्रार

सकाळी चालते. दुपारी सीताबर्डीत सामान घेऊन वीस मिनिटांत परत आलं की सेल्फ फिरतो आणि गाडी घेत नाही. तासाभरानं पुन्हा ठीक. गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं, मिस्त्री म्हणतो "यात तर काहीच नाही", आणि महिनाभर हाच खेळ चालतो.

गाडी उभी केल्यावर पंखा आणि हवा थांबते, बॉनेटखालची उष्णता वर चढत राहते. या वेळी क्रँक सेन्सर आतून तुटतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. थकलेला पंपही असाच वागतो. त्यामुळे टप्पा १ आणि ४ दोष हजर असतानाच करा: पंप बोलतो का, आरपीएम दिसतो का. त्या दोन उत्तरांचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. मिस्त्रीसाठी तो सोन्यासारखा आहे. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका. जुनी कार्ब्युरेटरची मारुती ८०० किंवा ओम्नी असेल तर मात्र पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवण्याची जुनी युक्ती खरी आहे. नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असते, पंप थंड झाला की ती मोकळी होते.

## डिझेल, सीएनजी, दुचाकी

डिझेल. सेल्फ फिरताना सायलेन्सरकडे पाहा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारा) किंवा सिलिंडरमधला दाब तपासा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ही तक्रार वाढते, तेव्हा ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा. धूर अजिबात नाही, तर डिझेलच येत नाही: टाकी कोरडी पडून एअर धरली असेल किंवा फिल्टरमध्ये पाणी असेल. फिल्टरखालचा ड्रेन उघडून पाणी काढा, हातपंप कडक होईपर्यंत दाबा. कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरचे पाइप कधीही ढिले करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, डिझेलची धार कातडीत घुसते. ग्लो प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारायचा नाही.

सीएनजी. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. सिलिंडर भरलेला आणि पेट्रोलची टाकी कोरडी असेल तर सेल्फ फिरतच राहील. टाटाच्या आयसीएनजी मात्र थेट गॅसवर सुरू होतात.

दुचाकी. वर सांगितलेला क्रम इथं उलटतो. सिलिंडर एकच, म्हणून प्लग खरोखर पहिला संशयित. त्याआधी किल स्विच, साइड स्टँड आणि जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक पाहा. पावसानंतर प्लग कॅप काढून पुसा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, तिथंही किल्ली ऑनवर पंपाचा आवाज ऐका. गाडी आडवी पडली असेल तर उभी करून किल्ली बंद-चालू करा. पडल्याचा सेन्सर तेव्हाच माघार घेतो.

## मिस्त्रीला काय सांगायचं

"स्टार्ट होत नाही" एवढंच सांगितलं की तो बॅटरीपासून सुरू करतो आणि बिल तुमचं वाढतं. असं सांगा: सेल्फचा वेग नेहमीसारखा, सेल्फवर व्होल्टेज १०.४, चेक लाइट लागतो, पंप बोलतो, आरपीएम शून्य, कोड पी ०३३५, गरम असतानाच होतं. इतक्या माहितीवर तो योग्य भाग सोबत घेऊन येतो. काढलेला जुना भाग परत मागून घ्या.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. ऑटोमॅटिक गाडी दोरीनं ओढू देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा. साधी गाडी ओढायची असेल तर किल्ली आत ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, म्हणून आत बसणारा माणूस गाडी चालवता येणारा हवा.